चिनी सुया, शेक आणि काढे : सभासदांच्या माहितीसाठी



गळीत हंगाम संपून चिमणी थंडावली की आपल्या कारखान्याच्या दवाखान्यातली गर्दी पालटते. गाळप चालू असते तेव्हा कोयत्याचे घाव, चिमटलेली बोटे, वाफेने भाजलेले हात आणि तोडणी कामगारांच्या लेकरांचे ताप. गाळप आटोपले की सभासद मंडळी येतात, ती वर्षभर साठवून ठेवलेली दुखणी घेऊन. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाची मान. तपासून झाले, गोळ्या लिहून झाल्या, की उठता उठता एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टरसाहेब, ते चिनी सुया टोचतात म्हणे. गुण येतो का? जाऊन बघू का?"

या प्रश्नाला उभ्या उभ्या 'जा' किंवा 'जाऊ नका' म्हणणे मला आता जमत नाही. त्याला कारण दोन रुग्ण. एका सभासदांच्या पत्नी गुडघेदुखीने बेजार होत्या. वेदनाशामक गोळ्या घेऊन घेऊन पोटात आग पडायची, म्हणून गोळ्याही बंद. त्यांनी शहरात जाऊन दहा वेळा सुया टोचून घेतल्या. गुडघा नवा झाला नाही, क्ष-किरण फोटोत झीज होती तेवढीच आहे. पण बाई आता देवळाच्या पायऱ्या कठड्याला न धरता चढतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरे एक सभासद पंधरा वर्षांचे मधुमेही. तळपायाला मुंग्या येतात म्हणून ते एका शिबिरात गेले. तिथे चिनी पद्धतीचा म्हणून पायाला धुमसत्या औषधी कांडीचा शेक दिला. ह्या गृहस्थांच्या पायाला मधुमेहाने जाणीवच उरलेली नव्हती. भाजले, तरी त्यांना कळले नाही. चौथ्या दिवशी घरच्यांना वास आला तेव्हा पाय उघडून पाहिला. करंगळी आणि शेजारचे बोट काढावे लागले.

दोन्ही उपचार एकाच घराण्याचे. म्हणून संपादक मंडळींनी "एकदा सविस्तर लिहा" म्हटल्यावर मी लगेच होकार दिला.

ही पद्धत आली कुठून

चीनचे जुने वैद्यक दोन हजार वर्षांहून कमी जुने नाही. त्यांचा मूळ ग्रंथ 'पीतसम्राटाचा ग्रंथ' म्हणून ओळखला जातो. शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक वाहिन्यांतून फिरते, ती अडली की दुखणे येते, अशी त्यांची धारणा. शीत आणि उष्ण, ओले आणि कोरडे, आत आणि बाहेर अशा जोड्यांचा तोल ते पाहतात, त्याला 'यिन' आणि 'यांग' म्हणतात. तत्त्वे त्यांचीही पाचच, पण आपल्या पंचमहाभूतांशी ती जुळत नाहीत. त्यांच्यात वायू आणि आकाश नाही, त्या जागी लाकूड आणि धातू आहे. चिनी वैद्य दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटे ठेवून नाडी पाहतो आणि जीभ बाहेर काढायला लावून तिचा रंग, थर, कडा नीट बघतो. आपल्या नाडीपरीक्षेची आठवण येते खरी, मात्र दोन्हींना एकच समजू नये.

आपल्याकडे एक समज पक्का आहे, की ही विद्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी आणली. तो बरोबर नाही. चीन-जपान युद्धात मदतीसाठी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. जखमी सैनिकांच्या गोळ्या काढणे, हाडे बसवणे हे त्यांचे काम. ते करता करताच ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडे वारले, परत आलेच नाहीत. पथकातले दुसरे डॉक्टर, कलकत्त्याचे बिजय कुमार बसू, परत आले. पुढे १९५० नंतरच्या दशकात ते पुन्हा चीनला गेले, सुयांची विद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. भारतातल्या सूचिचिकित्सेची सुरुवात ती. कोटणीसांच्या नावाने पुढे जी दवाखान्यांची व शिबिरांची कामे चालली त्यांत सुयांचे उपचारही होत, त्यामुळे दोन नावांची सरमिसळ झाली असावी.

खुद्द चीनमध्ये या वैद्यकाचे दिवस सारखे पालटत गेले. १९२९ साली तिथल्या सरकारपुढे ते बंदच करून टाकावे असा ठराव आला होता. वैद्यांनी मोठा विरोध केला म्हणून ते वाचले. १९४९ नंतर नव्या राजवटीला दिसले, की देश अफाट आणि डॉक्टर मूठभर. तेव्हा जुन्या वैद्यांना हाताशी धरल्यावाचून गत्यंतर नव्हते. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझाऊ आणि चेंगडू अशा चार ठिकाणी सरकारी महाविद्यालये निघाली. पुढे १९६० नंतर खेड्याखेड्यांतून 'अनवाणी डॉक्टर' तयार झाले. हे शेतकरीच, काही महिने शिकवून तयार केलेले. अर्धा वेळ शेतात, अर्धा वेळ औषधपेटी घेऊन दारोदार. पेटीत लस, मोजकी इंग्रजी औषधे, सुया आणि परड्यातला झाडपाला. सुई स्वस्त, उकळून पुन्हा वापरता येई, म्हणून तिचा एवढा प्रसार झाला, हेही ध्यानात घ्यावे.

याचा खर्च कसा भागवला हे आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचण्यासारखे आहे. गावकरी दरवर्षी थोडी वर्गणी भरत, काही भाग गावच्या सामुदायिक निधीतून येई आणि त्यातून औषधपाणी होई. नावच मुळी 'सहकारी वैद्यकीय योजना'. ऊसबिलातल्या कपातीची सवय असलेल्या आपल्याला ही रीत समजावून सांगायला नको. १९७५ च्या सुमारास चीनची बहुतेक खेडी या योजनेत होती. १९८० नंतर सामुदायिक शेती मोडली, निधी आटला आणि योजनाही बहुतेक ठिकाणी कोसळली.

सुई टोचतात म्हणजे काय करतात

इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव असते आणि केसासारखी बारीक. तिच्यातून कोणतेही औषध आत जात नाही. शरीरावर चौदा वाहिन्यांत मिळून ३६१ बिंदू सांगितले आहेत. दुखण्याप्रमाणे त्यातले काही निवडून सुया टोचतात आणि पंधरा ते तीस मिनिटे तशाच ठेवतात. मधूनमधून बोटांनी फिरवतात. काही ठिकाणी सुयांना बारीक वीजप्रवाह जोडतात. टोचताना चिमुटभर दुखते. मग त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात, तो आला म्हणजे सुई लागू पडली असे ते मानतात.

बिंदू शोधायचे माप मोठे नामी आहे. फूटपट्टी नाही, रोग्याच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी हे एक माप, जुळवलेली चार बोटे म्हणजे तीन मापे. उंच माणसाचा बिंदू त्याच्या बोटांनी, लहान मुलाचा त्याच्या बोटांनी. आपल्या सुतारांच्या अंगुळाचाच प्रकार. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे, नडगीच्या कडेपासून बोटभर बाहेरच्या अंगाला एक बिंदू आहे. पोटाच्या तक्रारींवर आणि थकव्यावर तो वापरतात. त्याच्या नावात 'तीन ली' हे अंतर आहे, आणि दमलेल्या वाटसरूने तो दाबला तर आणखी तेवढे चालता येते असे तिकडे सांगतात. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे वर, दोन शिरांच्या मधे दुसरा एक आहे. मळमळीवर तो दाबतात. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या या बिंदूने कमी होतात, याला बऱ्यापैकी चांगल्या चाचण्यांचा आधार आहे. यासाठी सुईसुद्धा लागत नाही, अंगठ्याने दाबले तरी चालते.

जगभर या सुयांचा बोलबाला झाला तो १९७१ साली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन हे पत्रकार बीजिंगमध्ये असताना त्यांचे आंत्रपुच्छ सुजले. सुया टोचून, भूल न देता त्यांचे पोट फाडले, अशी गोष्ट अजून सांगितली जाते. घडले ते निराळे. शस्त्रक्रिया नेहमीसारखी भुलीची इंजेक्शने देऊनच झाली. नंतर पोटात वायू धरून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा एका वैद्याने कोपर आणि गुडघ्याखाली मिळून तीन सुया टोचल्या, पोटाजवळ औषधी पाल्याचा शेक दिला आणि रेस्टन यांना बरे वाटले. त्यांनी स्वतः तसेच लिहिले होते. सांगोवांगी गोष्ट वाढत जाते ती अशी.

आता गुण येतो का? जर्मनीत पाठदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तीन गट केले. पहिल्याला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे औषध व व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शंभरात सुमारे ४८ जणांना, दुसऱ्यात ४४ जणांना आणि तिसऱ्यात फक्त २७ जणांना आराम होता. सुयांनी औषधगोळ्यांवर मात केली, हे खरे. पण सुई ग्रंथातल्या बिंदूवर टोचली काय आणि चार बोटे बाजूला टोचली काय, फरक नाममात्र! मग गुण कशाने आला? टोचण्याने मज्जातंतूंवर होणारा परिणाम असेल, अर्धा तास निवांत पडून राहणे असेल, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देऊन दुखणे ऐकले याचा असेल. थोडे थोडे तिन्हींचे असावे असे माझे मत आहे. वाहिन्या म्हणाल तर शवविच्छेदनात त्या कुणाला सापडलेल्या नाहीत.

म्हणून मी सभासदांना सांगतो, की जुनी पाठदुखी, गुडघ्याची झीज, मानदुखी, वारंवार उठणारी अर्धशिशी यांवर सुया करून बघायला हरकत नाही. आठ-दहा बैठकांत फरक पडला तर पडला, नाहीतर पैसे वाया घालवू नयेत. मधुमेह, क्षय, रक्तदाब, कावीळ, कर्करोग सुयांनी बरे होत नाहीत. अर्धांगवायूचा झटका आला तर सुयांकडे नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचे. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. चीनमध्येही अर्धांगाच्या रोग्याला सुया टोचतात, त्या बहुतांशी इस्पितळातले उपचार चालू ठेवून, व्यायामाच्या जोडीने. आपल्याकडे मात्र झटका आलेल्या माणसाला दोन दिवस कुठे कुठे फिरवून मग माझ्यापुढे आणतात.

शेक आणि तुंबडी

चिनी भाषेत या विद्येचे नाव 'सुई आणि शेक' असे जोडनाव आहे. शेकासाठी दवण्याच्या जातीच्या एका झाडाचा पाला वाळवून, कुटून त्याचा कापसासारखा लगदा करतात आणि कागदात वळून विडीसारखी जाड कांडी बनवतात. ती पेटवून धुमसती ठेवायची आणि बिंदूपासून बोट-दोन बोटे दूर धरायची. कातडी गुलाबी होईतो ऊब द्यायची, चटका बसता कामा नये. जुन्या काळी लगद्याची गोळी थेट कातडीवर ठेवून डाग उठवीत. आपल्याकडच्या डागणीसारखेच ते. गर्भातले मूल पायाळू असेल तर शेवटच्या महिन्यांत आईच्या पायाच्या करंगळीशी हा शेक देतात, मूल फिरते असे म्हणतात. त्याचा पुरावा अर्धवट आहे, आणि ते प्रसूतितज्ज्ञाच्या देखरेखीवाचून करू नये.

आमच्या त्या मधुमेही सभासदांचे चुकले ते इथे. शेक किती, हे रोग्याच्या "पुरे" म्हणण्यावर ठरते. ज्याच्या पायाला ऊनच लागत नाही तो "पुरे" कधी म्हणणार? शेक देणाऱ्याने मधुमेह आहे का असे विचारले नाही, आणि यांनीही सांगितले नाही. मुंग्या जाव्यात म्हणून गेले होते, आणि मुंग्या म्हणजेच जाणीव मरत चालल्याची खूण होती. गरम पाण्याची पिशवी, शेगडी, तापलेली वीट, सगळ्यांनाच हे लागू आहे. चिनी शेकाला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तुंबडी मात्र आपल्याला परकी नाही. वैदू लोक शिंगाची तुंबडी लावीत, सुश्रुतानेही शिंग आणि भोपळ्याची तुंबडी सांगितली आहे. चिनी लोक बांबूचे किंवा काचेचे पेले घेतात, आत क्षणभर ज्योत फिरवून पाठीवर उपडे ठेवतात. हवा थंडावते तशी कातडी आत ओढली जाते आणि गोल, काळेनिळे वळ उठतात. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा पोहणारा मायकेल फेल्प्स खांद्यावर असे वळ घेऊन उतरला होता, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. अंग मोकळे वाटते एवढे खरे. विष बाहेर निघते वगैरे काही नाही, तो कातडीखाली साकळलेला रक्ताचा डाग असतो. तेल लावून चमच्याच्या कडेने पाठ खरवडण्याचाही एक प्रकार त्यांच्यात आहे. मालीश त्यांचे आणि आपले सारखेच.

काढ्यांचे दोन चेहरे

चीनमध्ये जुन्या वैद्यकाचा मोठा भाग सुयांचा नाही, काढ्यांचा आहे. एका काढ्यात आठ-दहा वनस्पती. त्यात एक राजा, एक प्रधान, मदतनीस आणि एक जासूद अशी रचना असते. राजा मुख्य दुखण्यावर, प्रधान त्याच्या जोडीला, मदतनीस राजाचा तिखटपणा कमी करायला. आले, दालचिनी, ज्येष्ठमध ही आपल्या ओळखीची मंडळीही त्यात भेटतात. ज्येष्ठमध तर निम्म्याशिम्म्या काढ्यांत. पण तोच ज्येष्ठमध रोज भरपूर घेतला तर रक्तदाब चढतो, हे रक्तदाबाच्या सभासदांनी ध्यानी ठेवावे.

या काढ्यांतून जगाला मिळालेली सर्वांत मोठी देणगी मलेरियावरची. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक गोळीपेक्षा हिवतापाने जास्त पडू लागले, जुनी औषधे लागू पडेनात, म्हणून २३ मे १९६७ रोजी चीन सरकारने गुप्त संशोधन सुरू केले. त्यात तू यूयू या बाईंनी जुन्या पोथ्या धुंडाळल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या पोथीत तापावर एका वनस्पतीचा उपाय होता. मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. बाईंच्या लक्षात आले, की यात उकळणे नाही! आपण उकळतो तिथेच गुण मरत असला पाहिजे. त्यांनी कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला. १९७१ साली तो उंदरांवर आणि माकडांवर पूर्ण लागू पडला, आणि माणसांना देण्याआधी बाईंनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यासाठी त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही वनस्पतीही दवण्याच्याच कुळातली. (ज्योतिबाला आपण वाहतो तो दवणा वेगळा बरं का, त्याचा काढा तापावर घेत बसू नका.) आज फॅल्सिपेरम जातीच्या मलेरियावर प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्या गोळ्या मिळतात, त्यांतले मुख्य औषध याच शोधातून आलेले आहे. तोडणी कामगारांच्या कोप्यांवर ताप आला की आम्ही रक्त तपासतो आणि लागले तर त्याच गोळ्या देतो.

दुसरा चेहरा बेल्जियमचा. १९९० नंतर ब्रुसेल्समधल्या एका दवाखान्यात वजन कमी करण्याच्या गोळ्यांत चिनी वनस्पती घालत होते. दोन वनस्पतींची चिनी नावे जवळजवळ सारखी, त्यात अदलाबदल झाली. चुकून आलेल्या वनस्पतीत मूत्रपिंडाला मारक विष होते. शंभराहून अधिक जणांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडे बिघडली, आणि कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडे सापसन नावाची वेल आहे, ती याच गणातली. तेव्हा 'झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय कसला' असे म्हणणाऱ्या मंडळींना मी ही हकीकत सांगतो. बिननावाच्या पुड्यांत गुपचूप स्टेरॉईड मिसळल्याचे प्रकार आपल्या देशातही उघडकीस आलेले आहेत. दोन दिवसांत सांधे मोकळे होतात, भूक लागते, चेहरा भरतो. माणूस खूश. सहा महिन्यांनी साखर चढते, हाडे ठिसूळ होतात.

जायचेच असेल तर

आधी दुखणे कशाचे आहे ते तपासून घ्या. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडणे, लघवीवरचा ताबा जाणे, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे असेल तर सुया नकोत, मणक्याचा क्षयसुद्धा कंबरदुखीच्याच रूपाने येतो. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चर चिकित्सा पद्धतीसाठी २०१५ चा कायदा आहे आणि त्याखाली चिकित्सकांची नोंदणी करणारी परिषद आहे. नोंदणीचा दाखला बघायला मागा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. खत घेताना आपण पोत्यावरचा शिक्का बघतोच की. सुया नव्या, बंद पाकिटातल्या, आपल्यासमोर फोडलेल्या हव्यात, कारण दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून कावीळ पसरते. छातीवर, खांद्याच्या वर खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते. असे क्वचित होते, पण होते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, हृदयाला यंत्र बसवलेले असेल किंवा दिवस गेलेले असतील तर ते टोचण्याआधी सांगा. आणि चालू असलेली मधुमेहाची, रक्तदाबाची, क्षयाची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. त्या मंडळींनी बंद करायला सांगितले तर चिठ्ठी लिहून मागा आणि ती मला आणून दाखवा. आजवर एकानेही तशी चिठ्ठी आणलेली नाही.

मधुमेही सभासदांची पायाची जाणीव तपासायला पाच मिनिटे लागतात. नायलॉनच्या बारीक दोऱ्याने तळवा दहा ठिकाणी टेकवून बघतो, दुखत काही नाही. दवाखान्याच्या वेळेत कोणत्याही दिवशी यावे. येताना शेतात वापरता त्याच चपला किंवा बूट घालून या, ते आतून हात फिरवून बघायचे आहेत.